घरच्या घरी लाकडी साइड टेबल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोफ्याच्या किंवा पलंगाच्या बाजूला ठेवायचं छोटं टेबल, चार पाय, पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि वर एक टॉप, बस एवढंच. पण एवढ्याशा वस्तूबद्दल लोकांना प्रश्न भरपूर पडतात आणि पडायलाच हवेत, कारण लाकडाबद्दल जे जे शिकायचं असतं त्यातलं बहुतेक सगळं या एका टेबलात येऊन जातं. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत, सलग वाचा नाहीतर हवा तो प्रश्न बघा.

याआधी कधी सुतारकाम केलं नाही, साइड टेबलपासून सुरुवात केली तर चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते पहिलं काम म्हणून हेच सगळ्यात चांगलं. शेल्फ किंवा खोका बनवला की फळ्या कापून जोडायला येतं, पण टेबल बनवताना पाय आणि पट्टी यांचा काटकोन, जोडाची ताकद, टॉपचं फुगणं-आकसणं हे सगळं एकदम समोर येतं, तेही कमी लाकडात आणि छोट्या जागेत. डायनिंग टेबलचं गणितही हेच असतं, फक्त मापं मोठी. खुर्ची मात्र पहिल्यांदा करायला घेऊ नका, तिच्यात कोन सरळ नसतात आणि माणसाचं सगळं वजन जोडांवर येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: खालचा सांगाडा घट्ट पाहिजे आणि वरचा टॉप मोकळा पाहिजे. सांगाडा हलला तर टेबल डुगडुगतं, टॉप जखडला तर तडकतो.

साइझ काय ठेवायची?

आधी सोफ्याच्या हाताची उंची मोजा. टेबल त्याच उंचीचं किंवा एक-दोन इंच खाली असावं, म्हणजे बसल्या जागेवरून हात सहज जातो. बहुतेक सोफ्यांसाठी २० ते २४ इंच उंची बरोबर बसते, पलंगाशेजारी ठेवायचं असेल तर गादीच्या वरच्या पातळीला धरा. टॉप १८ बाय १८ इंच पुरतो. जागा अरुंद असेल तर १४ बाय २० केलं तरी छान दिसतं. त्याहून बारीक आणि उंच करायला गेलात तर धक्का लागून पडायची भीती, घरात लहान मुलं असतील तर हे नक्की लक्षात घ्या.

लाकूड कोणतं घ्यावं?

पहिल्या टेबलला पाइन किंवा रबरवूड. पाइन मऊ असतं, हाताच्या करवतीने सहज कापलं जातं, पटाशी (लाकूड कोरायचं सपाट धारेचं हत्यार) पटकन चालते, स्वस्तही पडतं. उणी बाजू म्हणजे नख लागलं तरी खड्डा पडतो, गाठींमधून राळ येते आणि रंगाचा स्टेन लावला तर कुठे गडद कुठे फिकट असे ढग उमटतात, म्हणून पाइनला शक्यतो नुसतंच पारदर्शक फिनिश द्या. रबरवूड जरा कडक, एकसारखं, जोडलेल्या तयार पॅनलमध्येही मिळतं, फक्त ते ट्रीटमेंट केलेलं आहे ना हे विचारून घ्या, नाहीतर त्याला कीड लवकर लागते. आंब्याच्या लाकडाचंही तसंच.

सागवानाबद्दल सगळ्यांना आकर्षण असतं आणि ते योग्यच आहे, फार कमी हलतं, वाळवी सहसा लागत नाही, दिसायला तर प्रश्नच नाही. पण सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे जोडायच्या पृष्ठभागावर ताजा रंधा मारून लगेच ग्लू लावावा लागतो, आणि त्यातल्या सिलिकामुळे हत्याराची धार लवकर जाते. शिसम जड आणि कडक, हाताने खाच मारताना घाम काढतं. ही दोन्ही लाकडं दुसऱ्या-तिसऱ्या टेबलसाठी राखून ठेवा असं मी सांगेन, पण जुन्या पलंगाचं किंवा दाराचं सागवान घरात पडलं असेल तर ते जरूर वापरा, इतकं वाळलेलं लाकूड विकत मिळणं कठीण. त्यातले खिळे मात्र लोहचुंबक फिरवून शोधून काढा, एक खिळा राहिला तर करवतीचे दात गेलेच.

एका टेबलला लाकूड किती लागतं? कापायची यादी मिळेल का?

२२ इंच उंच आणि १८ बाय १८ टॉप असं टेबल धरू.

पाय चार, दीड बाय दीड इंच जाड, लांबी सव्वाएकवीस इंच, कारण वर पाऊण इंचाचा टॉप येणार. पट्ट्या चार, साडेतीन इंच रुंद, पाऊण इंच जाड, लांबी साडेतेरा इंच: दोन पायांच्या मधलं अंतर १२ इंच आणि दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण इंच कुसू (पायातल्या खाचेत बसणारी जीभ). सांगाडा बाहेरून १५ इंचांचा होतो, म्हणजे टॉप चारी बाजूंनी दीड-दीड इंच बाहेर येतो. स्क्रू किंवा डॉवेलने (लाकडी खुंट्यांनी) जोडणार असाल तर पट्टी बरोबर १२ इंच कापा, कुसू धरू नका.

हे सगळं मिळून तयार मापात एक तृतीयांश घनफूट लाकूड होतं. घट-तूट, करवतीचा काप, रंध्यात जाणारा भाग धरून अर्धा घनफूट घ्या. पायांसाठी सरळ रेषांचं (रेषा म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या रेघा), बिनगाठीचं लाकूड निवडा, सगळ्यात देखणी फळी टॉपला राखा, पट्ट्यांना उरलेलं चालतं.

आणि हो, सगळे तुकडे पहिल्याच दिवशी मापात कापून ठेवू नका. पाय आधी करा, मग पट्ट्या, सांगाडा उभा राहिला की त्याच्यावरून टॉपचं माप घ्या. कागदावरचं माप आणि हातातलं लाकूड यात सूत-अर्धं सूत फरक पडतोच (एक सूत म्हणजे १/८ इंच, साधारण ३ एमएम), आणि तो फरक पुढचा तुकडा कापायच्या आधी कळला तर त्याचा काही त्रास होत नाही.

फळी विकत घेताना काय बघायचं?

फळीचं एक टोक डोळ्याला लावून दुसऱ्या टोकाकडे बघा. लांबीत बाक असेल तर लगेच दिसतो. तो थोडा असला तरी चालतो कारण आपले तुकडे छोटे आहेत, लांब फळीतला बाक छोट्या तुकड्यात विभागला जातो. पण पीळ असेल, म्हणजे एक कोपरा वर आणि एक खाली, तर ती फळी बाजूला ठेवा, पीळ काढता काढता निम्मी जाडी जाते. टोकांना तडे असतील तर तेवढी लांबी वजा धरा. ओल्या लाकडाला हात लावल्यावर गारवा जाणवतो आणि वजनाला ते जड लागतं. मॉइश्चर मीटर असेल तर घरात वापरायच्या लाकडाला ८ ते १२ टक्के ओलावा ठीक.

लाकूड आणलं, आता लगेच कापायला घेऊ?

नको. ज्या घरात टेबल राहणार तिथे किंवा वर्कशॉपमध्ये एक-दोन आठवडे ठेवा, फळ्यांच्या मध्ये पातळ पट्ट्या घालून, म्हणजे चारी बाजूंनी हवा लागेल. जमिनीवर थेट आडवी टाकली तर एकाच बाजूने ओलावा जातो आणि फळी वाकते. घाई असेल तर तुकडे थोडे मोठे कापून ठेवा, काही दिवस जाऊ द्या, मग फायनल मापाला आणा.

हत्यारं काय काय पाहिजेत? माझ्याकडे टेबल सॉ नाही.

टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) नसली तरी काही अडत नाही. करवत, गुण्या (काटकोन बघायचं साधन), टेप, दोन पटाश्या (१/४ आणि ३/४ इंच), लाकडी हातोडी, छोटा रंधा, ड्रिल मशीन, चार क्लँप आणि धार लावायचा दगड, एवढ्यात पूर्ण टेबल होतं. क्लँप जितके जास्त तितकं बरं, पण चारात भागतं. लाकडाच्या दुकानातून फळ्या रंधून, जाडीला आणून, पट्ट्या पाडून मिळत असतील तर तिथेच करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर गुण्या आणि धारेचा दगड. गुण्या काटकोनात आहे का हे तपासणं सोपं आहे: सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारा, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर, फाकल्या तर तो गुण्या परत करा. बोथट पटाशीने खाच मारणं हे शिकणाऱ्याचा उत्साह घालवणारं सगळ्यात मोठं कारण आहे असं मला वाटतं, आणि ती धोकादायकही असते, कारण जोर लावावा लागतो आणि मग ती सटकते.

पाय आणि पट्टीचा जोड कोणता करावा? नुसते स्क्रू मारले तर?

पायाच्या बाहेरून आरपार स्क्रू मारून तो पट्टीच्या टोकात घालायचा, हा प्रकार करू नका. पट्टीच्या टोकाला लाकडाचे तंतू उभे कापलेले असतात, स्क्रूचे आटे त्यात नीट पकडत नाहीत आणि ग्लूही तिथे शोषला जातो. वर्षभरात जोड ढिला होतो.

त्यापेक्षा पॉकेट होल बरा. पट्टीच्या आतल्या बाजूने तिरकं भोक पाडून स्क्रू पायात जातो, म्हणजे आटे पायाच्या आडव्या तंतूत पकडतात. पाऊण इंच पट्टीला सव्वा इंचाचे स्क्रू, मऊ लाकडाला जाड आट्याचे, कडक लाकडाला बारीक आट्याचे. एका सुट्टीत सांगाडा उभा राहतो. हलक्या वापराच्या टेबलला पुरतं.

डॉवेल म्हणजे लाकडी खुंट्या, ८ एमएमच्या, प्रत्येक जोडाला दोन. मजबूत होतं, पण समोरासमोरची भोकं तंतोतंत जुळली पाहिजेत, त्यासाठी डॉवेल जिग (भोकांची जागा धरून ठेवणारा साचा) लागतोच, नुसत्या नजरेने जमत नाही. पायात भोक २० एमएमपेक्षा खोल नको, नाहीतर शेजारच्या पट्टीच्या खुंट्यांना भिडतं.

आणि कुसू-खाच. पट्टीच्या टोकाला कुसू काढायचं, पायात तेवढीच खाच मारायची, ग्लू लावून बसवायचं. वेळ सगळ्यात जास्त, ताकदही सगळ्यात जास्त, कारण कुसवाच्या दोन्ही गालांना (रुंद सपाट बाजूंना) लांब तंतूंवर लांब तंतू असा ग्लू लागतो आणि कुसवाचे खांदे (कुसू जिथून सुरू होतं तिथल्या पट्टीच्या कडा) पायाला टेकून पट्टीला तिरकं होऊ देत नाहीत. घाई नसेल तर पहिल्याच टेबलला हे करून बघा. आठच जोड आहेत, पहिला आणि आठवा शेजारी ठेवून बघाल तेव्हा हाताला किती वळण लागलंय ते दिसेल.

कुसवाची मापं कशी ठरवायची?

सुतारकामातला जुना हिशोब: कुसवाची जाडी फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश. पाऊण इंच पट्टीला पाव इंच, म्हणजे दोन सूत. १/४ इंचाची पटाशी हवीच असं वर म्हटलं ते यासाठी, खाचेची रुंदी पटाशीच ठरवते.

पट्टी पायाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून एक सूत आत ठेवा, दिसायला छान सावली पडते आणि थोडा फरक राहिला तरी डोळ्यात येत नाही. असं धरलं तर खाच बाहेरून तीन सुतांवर सुरू होऊन पाच सुतांवर संपते. खोली पाऊण इंच आणि थोडी जास्त, ग्लूला जागा म्हणून. दीड इंचाच्या पायात इतक्या खोलीच्या दोन खाचा एकमेकींना भिडत नाहीत. पाय यापेक्षा बारीक केलात तर भिडतील, मग कुसवांची टोकं ४५ अंशात छाटावी लागतात. वरच्या बाजूला पायाच्या टोकापासून निदान अर्धा इंच लाकूड सोडा आणि पाय सुरुवातीला एक इंच लांबच ठेवा, खाच मारून झाली की जास्तीचं कापा, म्हणजे खाच मारताना टोक फुटत नाही.

क्रम असा: आधी खाच, मग कुसू. खाच पटाशीच्या मापाची झाली की ती बदलता येत नाही, कुसू मात्र रंध्याने, पटाशीने पापुद्रा पापुद्रा काढून जुळवता येतं. हाताने दाबून जाईल आणि उलटं धरलं तर पडणार नाही इतकं घट्ट. हातोडीने ठोकावं लागत असेल तर थांबा, पाय फुटेल. रेघा पेन्सिलपेक्षा सुरीने मारा. सुरीच्या रेघेत पटाशी आपोआप बसते आणि खांद्याची कड स्वच्छ येते.

कुठला पाय कुठे हे मध्येच विसरायला होतं, काय करू?

चारी पाय एकत्र उभे धरा, देखण्या बाजू बाहेर येतील असे फिरवा, आणि वरच्या टोकांवर चौघांना मिळून एक मोठा त्रिकोण पेन्सिलने काढा. नंतर पाय कितीही इकडेतिकडे झाले तरी त्रिकोण जुळवला की जागा कळते. पट्ट्यांवर पुढची, मागची, डावी, उजवी असं आतल्या बाजूला लिहा.

टॉपसाठी १८ इंच रुंद फळी मिळत नाही. जोड देऊन चालेल?

जोडच द्या. तीन किंवा चार फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या. चांगला ग्लू नीट लागला तर चिकटवलेली रेघ लाकडापेक्षा मजबूत होते, जोर दिला तर फुटतं ते शेजारचं लाकूड.

कडा सरळ करणं हेच खरं काम. दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा एकमेकींवर घडी घाला, दोन्ही कडा एकत्र क्लँप करून एकदमच रंधा मारा. रंधा थोडा तिरका चालला तरी एका फळीचा तिरकेपणा दुसरीच्या उलट येतो आणि उघडल्यावर सपाट जुळतात. ग्लू लावायच्या आधी कोरडं जुळवून उजेडासमोर धरा, फटीतून उजेड आला तर परत रंधा. क्लँपच्या जोराने फट बंद करायला जाऊ नका, ती आज बंद होईल आणि पुढे कधीतरी उघडेल.

पांढरा वुड ग्लू, फेव्हिकॉल म्हणा किंवा दुसरा कुठला, दोन्ही कडांना पातळ पसरवा, क्लँप एक वरून एक खालून असे आलटून पालटून लावा म्हणजे टॉप एका बाजूला वाकत नाही. दाबल्यावर कडेने बारीक थेंब आले तर ग्लू बरोबर. तासाभराने क्लँप काढले तरी चालतात, पण रंधा-सँडिंग २४ तासांनी.

टॉप सरळ पट्ट्यांवर चिकटवून टाकला तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

लाकूड झाड तोडल्यावरही हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं, पॉलिश केल्यावरसुद्धा, पॉलिशने वेग कमी होतो पण थांबत नाही. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण सगळीकडे सारखं नाही: रेषांच्या दिशेत, म्हणजे लांबीत, जवळजवळ शून्य, आणि रेषांच्या आडवं, म्हणजे रुंदीत, भरपूर. आता बघा, १८ इंच रुंद सागाचा टॉप, साध्या सरळ चिरलेल्या फळ्यांचा, ओलावा ८ वरून १२ टक्क्यांवर गेला तर साधारण एक सूत रुंद होतो. सागासारख्या शांत लाकडाचं हे माप, इतर बरीच लाकडं यापेक्षा जास्त हलतात.

टॉपच्या खाली रेषांना आडवी असलेली पट्टी मात्र लांबीत हलत नाही. म्हणजे वरचा सूतभर हलू बघतो, खालची तसूभर हलत नाही, आणि मध्ये ग्लू दोघांना जखडून बसलाय. कोणीतरी हार मानणारच. कोरड्या दिवसांत टॉप मधोमध तडकतो, दमट दिवसांत वर फुगतो किंवा पट्टीचा जोड उखडतो. आणि हे लगेच होत नाही, हवा बदलली की होतं, त्यामुळे लोकांना वाटतं लाकूडच खराब निघालं. लाकडाचा काही दोष नसतो हो, त्याला हलायला जागाच दिलेली नसते.

मग टॉप बसवायचा कसा?

तीन सोपे मार्ग.

पहिला, पट्टीच्या आतून एक चौकोनी लाकडी पट्टी चिकटवा, तिच्यात उभी भोकं पाडा आणि खालून वर टॉपमध्ये स्क्रू. भोकं मात्र लांबट, आणि लांबट कोणत्या दिशेत तर टॉपच्या रेषांच्या आडव्या दिशेत, कारण हालचाल तिकडे आहे. स्क्रूखाली वॉशर, आणि अगदी पिळून घट्ट नको. ही चौकोनी पट्टी पाऊण इंच आणि टॉप पाऊण इंच असेल तर सव्वा इंचाचा स्क्रू अर्धा इंच टॉपमध्ये जातो, वर निघत नाही. तरी एकदा शेजारी धरून खात्री करा.

दुसरा, आठच्या आकाराच्या धातूच्या क्लिपा किंवा झेड क्लिपा. विकत मिळतात, झटपट होतं.

तिसरा आणि माझा आवडता, लाकडी गुटके. पट्टीच्या आतल्या बाजूला वरून अर्धा इंच खाली एक खोबण, गुटक्याची जीभ त्या खोबणीत, गुटका स्क्रूने टॉपला. टॉप सरकला की जीभ खोबणीत सरकते. उरलेल्या तुकड्यांतून सहा-आठ गुटके निघतात. फक्त जीभ खोबणीत अगदी आतपर्यंत टेकवू नका, मागेपुढे सूतभर जागा ठेवा.

प्लायवूडचा टॉप घेतला तर ही भानगड राहत नाही ना?

नाही राहत. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात म्हणून तो जवळजवळ हलत नाही, सरळ चिकटवला तरी चालतो. १८ किंवा १९ एमएम घ्या आणि कडेला सागाची किंवा कुठल्याही लाकडाची पाव इंच पट्टी चिकटवा, थर झाकले जातात आणि कड धक्के सोसते. वरचं व्हेनिअर (चिकटवलेला देखण्या लाकडाचा पापुद्रा) फार पातळ असतं, सँडिंग मशीन एका जागी धरलं तर ते उडून खालचा थर दिसतो, तिथे हातानेच घासा.

ग्लू लावून जोडताना सांगाडा तिरका होतो.

एकदम चारी बाजू जोडायला गेलं की असं होतं. आधी दोन पाय आणि एक पट्टी अशी डावी बाजू, मग तशीच उजवी. त्या वाळल्या की उरलेल्या दोन पट्ट्यांनी त्यांना जोडा. ग्लू लावण्याआधी पूर्ण सांगाडा एकदा कोरडा जोडून बघा, क्लँप किती उघडायचे ते तेव्हाच ठरवून ठेवा, कारण ग्लू लागल्यावर हातात पाच-दहा मिनिटंच असतात.

क्लँप लावले की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकोन काटकोनात. फरक असेल तर क्लँप किंचित तिरका करून लांब कर्णाच्या दिशेने ओढा, परत मोजा. हे ग्लू ओला असतानाच.

ग्लू बाहेर आला तो ओल्या फडक्याने पुसला, पण पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतात.

ओल्या फडक्याने पातळ झालेला ग्लू रेषांमध्ये शिरतो आणि तिथे फिनिश आत जात नाही. पुढच्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं थांबा, ग्लू रबरासारखा झाला की पटाशीने अलगद उचला. आत्ता जे डाग दिसताहेत ते खरवडून, १२० नंबरच्या सँडपेपरने घासून काढावे लागतील.

पाय निमुळते करता येतील का?

करा, त्याने टेबल एकदम हलकं दिसायला लागतं. फक्त आतल्या दोन बाजू उतरवा, बाहेरच्या सरळ ठेवा. पट्टीच्या खाली अर्धा इंच सोडून सुरू करा आणि तळाला दीड इंचाचा एक इंच होऊ द्या. रेघ आखून करवतीने जाड भाग काढा आणि रंध्याने रेघेपर्यंत या. खाचा मात्र आधीच मारून घ्या, निमुळत्या पायाला नंतर क्लँप नीट बसत नाही.

खाली एक शेल्फ हवाय.

पायांना जमिनीपासून चार-पाच इंचांवर दोन आडव्या पट्ट्या द्या आणि त्यांवर फळ्या सुट्या ठेवा, मध्ये सूतभर फट सोडून. प्रत्येक फळीला दोन्ही टोकांना रुंदीच्या मधोमध एकेकच स्क्रू, म्हणजे तीही दोन्हीकडे हलायला मोकळी.

टेबल तयार झालं पण डुगडुगतंय.

आधी जमीन तपासा. टेबल त्याच जागेवर पाव फेरी फिरवा. तोच पाय उचललेला राहिला तर दोष टेबलचा, दुसरा पाय उचलला गेला तर जमिनीचा. टेबलचाच असेल तर एखाद्या खात्रीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा, उंच राहणाऱ्या पायाखाली कागदाच्या घड्या घालून टॉप लेव्हलला आणा. मग एक पातळ लाकडी तुकडा पृष्ठभागावर सपाट ठेवून त्याच्यावर पेन्सिल टेकवा आणि चारी पायांभोवती रेघ फिरवा, चारी रेघा एकाच पातळीत येतात. तेवढं कापा. एकच पाय थोडा थोडा कापत बसू नका, टेबल बुटकं होत जातं आणि डुगडुग तशीच राहते. शेवटी पायांच्या खालच्या कडा किंचित गोल करा म्हणजे सरकवताना चिरफळी उडत नाही.

सँडिंग किती नंबरपर्यंत?

८०, १२०, १८०. रंध्याने स्वच्छ पृष्ठभाग आला असेल तर ८० गाळा. मधला नंबर मात्र गाळू नका, ८० चे ओरखडे १८० ने निघत नाहीत, नुसता वेळ जातो, आणि ते फिनिश लागल्यावरच दिसतात. पृष्ठभागावर पेन्सिलने हलक्या रेघा मारा, त्या पूर्ण गेल्या की पुढचा नंबर. हाताने घासताना नेहमी रेषांच्या दिशेने. पाण्याचा बेस असलेलं फिनिश लावणार असाल तर आधी ओलसर फडकं फिरवा, तंतू उभे राहतील, वाळले की २२० ने हलकेच घासा आणि मग फिनिश.

पट्ट्या आणि पाय जोडायच्या आधी घासून घ्या. जोडल्यानंतर आतल्या कोपऱ्यात हात जात नाही. कुसू आणि खांद्याला मात्र पेपर लावू नका, जुळणी बिघडते.

फिनिश कोणतं द्यावं?

चहाचे कप, पाण्याचे ग्लास ठेवले जाणार असतील तर पॉलियुरेथेन, ज्याला सगळे पीयू म्हणतात. पातळ तीन कोट, मध्ये ३२० चा हलका हात. पाणी, उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. घरात वास सहन होत नसेल तर पाण्याच्या बेसचं घ्या.

लाखेचं स्पिरिट पॉलिश फार सुंदर दिसतं, कापडाच्या बोळ्याने लावता येतं, मिनिटांत वाळतं आणि जुन्या कोटावर नवा कोट मिसळून जातो म्हणून दुरुस्ती सोपी. पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं आणि स्पिरिट सांडलं तर विरघळतं. पाय-पट्ट्यांना लाख आणि टॉपला पीयू असंही करता येतं.

काहीही लावा, टॉपच्या खालच्या बाजूलाही लावा. एकच बाजू बंद केली तर दोन बाजूंनी ओलावा वेगवेगळ्या वेगाने जातो-येतो आणि टॉप खोलगट होऊ शकतो.

जवसाचं तेल लावायचा विचार आहे, काही काळजी?

तेल छान आहे, हाताला लाकूड लागतं, प्लास्टिक नाही. भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी राहिलेलं सगळं पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं. पाण्यापासून संरक्षण मात्र कमी मिळतं.

काळजी तेलाच्या चिंध्यांची घ्यायची, आणि ही खरोखर गंभीरपणे घ्या. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि त्यात उष्णता निघते. चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. वापरून झाल्यावर चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. हात धुवायच्या आधी हे काम.

धुळीचं काय? मास्क लागतोच का?

लागतोच. लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसात साठते आणि कर्करोगावर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसी तिला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात धरते. सँडिंग करताना साध्या कापडाच्या मास्कने भागत नाही, एन९५ किंवा तसलाच बारीक धूळ अडवणारा घ्या, शक्य असेल तर घासायचं काम खोलीबाहेर करा. मशीन वापरताना डोळ्यांना गॉगल, सैल बाह्या आणि ओढणी बांधलेली, केस मागे. पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे, लाकूड हाताने नाही तर क्लँपने धरलेलं.

दोन टेबलं हवीत. एक करून मग दुसरं?

दोन्ही एकदम करा. आठही पाय शेजारी शेजारी क्लँप करून खाचांच्या रेघा एकाच वेळी मारा, पट्ट्यांना एक तुकडा माप म्हणून ठेवून बाकीच्या त्याच्यावरून आखा, दर वेळी टेपने मोजू नका. माप एकदाच घेतलं जातं म्हणून दोन टेबलं सारखी येतात, आणि मेहनत दुप्पट होत नाही. टॉपच्या फळ्याही एकाच लांब फळीतून काढा म्हणजे रंग आणि रेषा जुळतात.

काही महिन्यांनी टॉप आणि पट्टीच्या मध्ये स्क्रू थोडे सैल वाटतात, पिळून घट्ट करू?

आधी टॉप हाताने सरकवून बघा. अगदी किंचित सरकत असेल तर तो तसाच असायला हवा, काही करू नका. वर-खाली उचलला जात असेल तर स्क्रू पाव फेरी फिरवा, वॉशर टेकला की थांबा.